पिकअपचा आरपीएम काटा नाचतो तेव्हा



उसाचे बेणे, खताच्या गोण्या, जनावरांचे वाढे आणि वेळप्रसंगी घरचे आजारी माणूस, ही सारी ने-आण आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डिझेल पिकअपवर चालते. गाडी बंद पडली की आपण मिस्त्रीला बोलावतोच. पण बंद पडण्यापूर्वी ती काही सांगत असते, तिकडे लक्ष जात नाही. अशाच एका इशाऱ्याविषयी या अंकात लिहीत आहोत.

गेल्या हंगामात आमच्याच पिकअपचा आरपीएमचा काटा नाचू लागला. एका गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितले, "पंप खोलावा लागेल." पंप खोलायचा म्हणजे खर्च किती, हे काय सांगावे! परंतु इंजिनाचा आवाज तर एकसारखा होता. म्हणून आधी बॉनेट उघडले. निघाले काय, तर डायनॅमोचा पट्टा ढिला आणि आतून तडकलेला. पट्टा बदलला, काटा जागेवर बसला. पंपाला हातही लावावा लागला नाही.

असे का व्हावे? हा काटा इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखवतो. पेट्रोल गाडीत ही मोजणी ठिणगीवरून करता येते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. म्हणून पुष्कळ जुन्या व साध्या डिझेल गाड्यांत काट्याची तार डायनॅमोच्या, म्हणजेच अल्टरनेटरच्या, 'डब्ल्यू' टर्मिनलवरून आणलेली असते. डायनॅमो जितका जोरात फिरेल तितकी तेथील विजेची कंपने वाढतात व काटा वर जातो.

हिशेब सोपा आहे. समजा इंजिन स्लोला 750 फेऱ्यांवर आहे आणि पुलीमुळे डायनॅमो त्याच्या दुप्पट, म्हणजे 1500 फेरे घेतो. सेकंदाला झाले 25. डायनॅमोत चुंबकाच्या 6 जोड्या असतील तर सेकंदाला 150 कंपने होतात. काटा मोजतो ती हीच. म्हणजे अशा गाडीत काटा इंजिनाची खबर देतो खरी, पण ती डायनॅमोच्या तोंडून. मधला निरोप्याच लटपटला तर इंजिनाचा काय दोष?

म्हणून तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली गोष्ट, कान. गाडी उभी करून, न्यूट्रलला टाकून हँडब्रेक ओढावा व इंजिन स्लोला ठेवावे. काट्याबरोबर आवाजही वरखाली होत असेल तर काटा खरे बोलतो. तेव्हा डिझेल फिल्टर चोंदला आहे का, त्यात पाणी आहे का, पाइपाच्या जोडातून एअर धरते आहे का, हे पाहावे. पंपाची पाळी त्यानंतर. आवाज एकसारखा आणि काटा मात्र नाचतो, तर दोष काट्याच्या वाटेवर आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट, पट्टा. इंजिन बंद करून चावी खिशात घालावी. साधा व्ही पट्टा असेल तर दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबावा. साधारण 10 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका दबला तर ठीक. त्याहून फार दबला, चकाकी आली असली, तडे गेले असले तर ताणावा किंवा बदलावा. सकाळी स्टार्ट करताना किंवा हेडलाइट लावताच पट्टा किंचाळतो आणि काटा खाली येतो, ही पट्टा घसरत असल्याची खूण.

तिसरी गोष्ट, तारा. खड्ड्यात गाडी आदळली की काटा शून्यावर पडून पुन्हा उसळतो, तर डब्ल्यूची तार ढिली, गंजलेली किंवा उंदराने कुरतडलेली असण्याचा संभव आहे. नट घट्ट करावा, टोक पॉलिश पेपरने घासावे. सगळेच मीटर एकदम हलत असतील तर बॅटरीची टोके आणि अर्थिंगची पट्टी पाहावी.

चौथी गोष्ट, खुद्द डायनॅमो. चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत असेल तर मल्टिमीटर लावावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट स्थिर दिसावेत. आकडा खालीवर होत असेल तर कार्बन, रेग्युलेटर किंवा डायोड बिघडले असतील. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे.

नव्या कॉमन रेल गाड्यांत मात्र हा निरोप क्रँकजवळचा सेन्सर देतो. तेथे काटा नाचून इंजिन मध्येच बंद पडत असेल किंवा सेल्फ मारूनही लवकर घेत नसेल तर सेन्सर, त्याची वायर व टोकाला चिकटलेला लोखंडी कीस तपासून घ्यावा. काही जुन्या ट्रॅक्टरांत काटा केबलवर फिरतो. तो थरथरत असेल तर केबल कोरडी पडली किंवा मुरगळली आहे का पाहावे.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. चालू इंजिनाची बॅटरी काढून डायनॅमो तपासण्याची जुनी खोड सोडावी, त्याने डायोड जळतात. आणि चालू पंख्याजवळ उपरणे, पदर, बाही जाऊ देऊ नये.

आता कोणी म्हणेल, काटा नाचला तर नाचू दे, गाडी तर पळते ना? बाबांनो, येथेच फसगत होते. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप याच डायनॅमोच्या पाठीला जोडलेला असतो. पुष्कळदा पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला तर चार्जिंग जाते, इंजिन तापते आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. मागे भरलेला माल, समोर उतार आणि रात्रीची वेळ असेल तर काय प्रसंग ओढवेल याचा विचार करावा.

तेव्हा काटा नाचला की भिऊन पंप खोलू नये आणि दुर्लक्षही करू नये. आधी कान, मग पट्टा, मग तार, मग डायनॅमो. बैलाचा पाय दुखला तर आपण औत सोडून आधी खूर पाहतो ना? गाडीचेही तसेच करावे.