टंचाईची रचना

सर्व्हायव्हल गेम उभा राहतो तो टंचाईवर. परग्रहावरची वादळे, बिघडलेले रोबो, पडीक अंतराळतळ हे सगळे त्यावर चढवलेले साज. टंचाई चुकली की साज कितीही चढवा, खेळणारा तासाभरात गेम बंद करतो.

नवखा आराखडा बहुधा पडद्याच्या कोपऱ्यातल्या पट्ट्यांपासून सुरू होतो. भूक, तहान, थकवा, प्राणवायू; प्रत्येक पट्टी ठरावीक वेगाने उतरते आणि खेळणारा ती भरत बसतो. घात इथेच होतो. दर चार मिनिटांनी तहान लागते आणि ओढा शेजारीच आहे, म्हटल्यावर पाणी पिण्यात विचार करण्यासारखे काही उरत नाही. तो रतीब होतो. कंटाळा आला अशी तक्रार आली की पट्टीचा वेग वाढवला जातो, आणि कंटाळ्याच्या जागी वैताग येतो. 'सबनॉटिका' या २०१८ साली पूर्ण रूपात आलेल्या गेममध्ये पाण्याखाली सुरुवातीला ४५ सेकंदांचा श्वास मिळतो. पाण्याबाहेर डोके काढले की हवा फुकट आणि अमर्याद. तिथे हवेचा साठा कधीच कमी नसतो. अवघड असते ते परतीचे अंतर.

हा फरक समजून घ्यायला मुंबईजवळच्या शहापूर तालुक्याचा नकाशा पुरेसा आहे. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा, त्यानंतरचे मोडकसागर, भातसा आणि २०१४ सालचे मध्य वैतरणा, मुंबईची तहान भागवणारी ही धरणे याच टापूत येतात. एकट्या भातशातून शहराचे जवळपास निम्मे पाणी जाते. पाऊसही चार महिने धो धो कोसळतो. पण मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ; पडलेले पाणी उतारावरून निघून जाते. मार्च सरता सरता वाड्या-पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहणे सुरू होते. पाणी डोळ्यांसमोर आहे, हाताशी नाही. गेमच्या आराखड्यात नेमके हेच उतरवायचे असते: साठा भरपूर ठेवावा, पोहोच अवघड करावी.

त्यासाठी पाण्याला वजन द्यावे लागते. एका हंड्यात साधारण १२ ते १५ लिटर मावते, म्हणजे तितकेच किलो. जाताना हलके, येताना जड; चढ लागला की चाल मंदावते आणि ठेच लागली की सांडते. आटलेल्या विहिरीतला प्रसंग तर जसाच्या तसा खेळात घेण्याजोगा आहे. तळाशी एक बारीक झरा, खाली उतरलेले माणूस वाटीने पाणी उपसून हंड्यात ओतते, आणि वाटी भरली की झरा पुन्हा साचेपर्यंत थांबते. इथे थांबावे की पुढच्या विहिरीकडे निघावे? मागे रांग लागली आहे, ऊन चढते आहे, पुढची विहीर कोरडी निघू शकते. एवढ्या साध्या मांडणीतून जो ताण येतो तो वेगाने उतरणाऱ्या पट्टीतून येत नाही.

विज्ञानकथेचा भाग यावरच बसवावा, आणि कल्पना एकच घ्यावी. समजा, काही दशकांनंतर जलवाहिन्यांचा कारभार पूर्णपणे स्वयंचलित यंत्रणेकडे गेला आहे, शहर ओस पडले आहे, तरी यंत्रणा जुन्या वेळापत्रकाप्रमाणे पाणी सोडतेच आहे. खेळणारा जलवाहिनीच्या कडेला राहतो. दरवाजे कधी उघडतात, गळतीच्या जागी पहारेकरी ड्रोन किती वेळाने फिरकतो, दाब कमी झाल्यावर यंत्रणा काय करते, हे सारे निरीक्षणाने कळले पाहिजे. विज्ञानकथेत अद्भुत चालते, लहरी चालत नाही. ड्रोन कधी बघून सोडतो आणि कधी विनाकारण मारतो असे झाले, तर खेळणारा विचार करणे सोडून नशिबावर हवाला ठेवतो. नियम जाचक असला तरी हरकत नाही, तो पाळला मात्र गेला पाहिजे.

अन्नाच्या बाबतीत चूक उलट दिशेची होते. फळ तोडले, बटण दाबले, भूक भागली. या भागातले रान इतके सोपे नाही. कडू करांदे उपटून खाता येत नाहीत. त्यांचे काप करायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे कडूपणा जातो. पहिल्या पावसाबरोबर येणारी शेवळे काकडाच्या आंबट फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो. म्हणजे अन्न सापडणे हा अर्धा भाग, ते खाण्याजोगे करणे हा उरलेला. करांद्यांना पाणी लागते आणि पाणीच कमी आहे, इथे दोन टंचाया एकमेकींत अडकतात. क्राफ्टिंगच्या लांबलचक याद्यांपेक्षा अशा दोन-तीन गाठी जास्त काम करतात.

ऋतूंचे गणितही तिथूनच घ्यावे. मोहाची फुले उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळतात, करवंदे एप्रिल-मेमध्ये पिकतात, वलगणीचे मासे पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध चढतात. दिवाळीनंतर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परततात. तेव्हा गेममधली वाडीही अर्धी रिकामी दिसायला हवी. मात्र कातकरी किंवा ठाकर पात्रांना झाडपाल्याची माहिती देणारे फिरते फलक करून ठेवणे हा आळस आहे, आणि तो फार बोकाळला आहे. त्यांनाही कामे असावीत, हिशेब असावेत, नकार देण्याची मुभा असावी.

मृत्यूबद्दल थोडक्यात. खेळणारा मेला तर कशाने मेला हे त्याला स्वतःला सांगता आले पाहिजे. शिक्षा म्हणून सगळी जमवाजमव पुसून टाकण्यापेक्षा एक ऋतू गमावायला लावणे बरे.

नकाशाच्या आकाराचा मोह आवरणे सगळ्यात कठीण. २०१६ साली आलेल्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये मोजता येणार नाहीत इतके ग्रह होते, आणि सुरुवातीच्या टीकेचा एक रोख हाच होता की ते लवकरच एकसारखे वाटू लागतात. माहुली किल्ल्याच्या पायथ्यापासून तानशापर्यंतचा पट्टा एका गेमला पुष्कळ आहे. मुरबाडची बाजू, म्हणजे माळशेजचा घाट, नाणेघाट आणि तिथली सातवाहनकाळापासूनची कातळात खोदलेली टाकी, पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवता येते. उन्हाळ्यातही पाणी धरणारे टाके हे घाट चढून जाण्याचे चांगले कारण आहे.

कोड लिहिण्यापूर्वी हे सगळे कागदावर खेळून पाहावे. चौकटीची वही, एक फासा आणि पाण्याच्या जागी चिंचोके एवढे सामान पुरते. एका फेरीला किती चिंचोके खर्च झाले आणि किती हाती आले हे मांडले की आराखड्यातली गळती तिथल्या तिथे दिसते. दर फेरीला हमखास फायदा होत असेल तर टंचाई नाही, आणि दर फेरीला तोटाच होत असेल तर खेळ नाही. पुढची चाचणी स्वस्त अँड्रॉइड फोनवर घ्यावी, आणि परीक्षकांत याच भागातली, डोळखांब-टोकावड्याकडची दोन-चार पोरे असावीत. डिसेंबरात करवंद पिकलेले दिसले तर ती पहिल्या पाच मिनिटांत हसतात, आणि ती दुरुस्ती गेम बाजारात जाण्याआधी होते.