गांधर्व महाविद्यालयाचे धुरीण

१९०१ सालच्या मे महिन्याची ५ तारीख. त्या दिवशी लाहोर शहरात एका अठ्ठावीस वर्षांच्या मराठी गायकाने संगीताचे विद्यालय उघडले. मुलूख परका, भाषा परकी, दृष्टी अधू आणि गाठीला पैसा बेताचाच. विद्यालयाला नाव मात्र त्याने भारदस्त दिले होते : गांधर्व महाविद्यालय. पहिले काही दिवस तेथे एकही विद्यार्थी फिरकला नाही असे सांगतात. तरी हे गुरुजी नेमलेल्या वेळी वर्गात येत, तंबोरा जुळवीत आणि तास संपेपर्यंत एकटेच गात बसत. शाळा उघडली आहे, तेव्हा ती वेळेवर भरलीच पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. हे गायक म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार असल्यामुळे सूर आणि ताल मुलाच्या कानांवर घरातच पडत होते. परंतु बालपणीच शोभेच्या दारूचा स्फोट होऊन त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचे शिक्षण खुंटले. आवाज गोड होता, म्हणून त्यांना मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविण्यात आले. बाळकृष्णबुवांनी स्वतः ग्वाल्हेरची गायकी अपार कष्टाने मिळविली होती आणि ती महाराष्ट्रात आणली होती. गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे, गुरूची मर्जी होईल तेव्हा दोन शब्द विद्येचे ऐकावे, आणि मग तासन् तास तेच घोकीत बसावे, अशी तेव्हाची शिकण्याची रीत होती. या शिस्तीतून विष्णु दिगंबरांचा गळा तयार झाला.

मिरजेतील एक प्रसंग त्यांच्या मनाला फार लागला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गावात एक समारंभ होता. विष्णु दिगंबरांवर संस्थानच्या अधिपतींचा लोभ असल्यामुळे त्यांना बोलावणे आले. परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. चौकशी करता, ते काय, एक गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ज्यांच्या पायाशी बसून विद्या घेतली, त्या गुरूंची समाजात ही किंमत! गाणे सर्वांना हवे, परंतु गाणारा पंक्तीला नको, अशी तेव्हाची स्थितीच होती. १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली.

सातारा, बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. या प्रवासात त्यांनी एक नवी गोष्ट केली. गवई राजेरजवाड्यांपुढे गात असे. विष्णु दिगंबरांनी अल्प मोलाचे तिकीट लावून सर्व लोकांसाठी जलसे केले. ऐकणारा वाढला, तरच शिकणारा वाढेल, हे त्यांनी ओळखले होते.

हळूहळू लाहोरच्या विद्यालयात विद्यार्थी येऊ लागले. घड्याळाच्या ठोक्याला तास, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी, हे सारे संगीताच्या जगात नवीनच होते. पाठ केलेली चीज विसरू नये, म्हणून विष्णु दिगंबरांनी स्वर व ताल लिहिण्याची एक पद्धत बसविली आणि लहान मुलांपासून वरच्या वर्गांपर्यंत पुस्तकांची मालिका तयार केली. जुन्या गवयांना हे रुचले नाही. कागदावरून गाणे येते काय, शाळेतून कधी तानसेन निघतात काय, असे ते विचारीत. त्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. तासाच्या शाळेत मोठा गवई घडणे कठीणच असते. परंतु विष्णु दिगंबरांचे म्हणणे असे की, तानसेन निघोत वा न निघोत, चांगले ऐकणारे कान तरी तयार होतील.

तथापि मोठे गायक घडविण्याचाही मार्ग त्यांनी सोडला नव्हता. त्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. होतकरू, बहुधा गरीब घरची मुले निवडावी. त्यांच्या राहण्याजेवण्याचा भार विद्यालयाने उचलावा. मुलांनी नऊ वर्षे राहण्याचे लिहून द्यावे आणि पुढे ठिकठिकाणी जाऊन संगीत शिकवावे, अशी ती योजना होती. नऊ वर्षे म्हणजे मुलाचे सारे कोवळे वय. पालकांनी कोणत्या भरवशावर सही केली असेल! गाण्यावर पोट भरेल, याची खात्री त्या काळी कोण देणार? मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहानपणी या वर्गासाठी लाहोरला गेले. गुजरातेतील अत्यंत गरीब घरचे ओंकारनाथ ठाकूर मुंबईत या वर्गात आले आणि १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. त्या वेळी त्यांनी विशीही ओलांडली नव्हती.

१९०८ साली मुंबईस विद्यालय सुरू झाले. पुढे सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभी राहिली. वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना, छापखाना, विद्यार्थ्यांचे वसतिगृह, असा संसार वाढत गेला. देणग्या येत, पण खर्च त्याहून मोठा. इमारतीसाठी कर्ज काढलेले. विष्णु दिगंबर गावोगाव जलसे करीत आणि मिळालेला पैसा विद्यालयात ओतीत. हिशेब सांभाळणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते; मन रामनामाकडे ओढ घेऊ लागले होते. अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांच्या देण्यापायी ती इमारत लिलावात गेली. ज्या वास्तूत सकाळसंध्याकाळ तंबोरे झंकारत होते, ती परक्याची झाली.

विष्णु दिगंबर नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहू लागले. तेथेही काही शिष्य त्यांच्याजवळ होतेच. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. त्यांचा पुत्र दत्तात्रेय तेव्हा अवघ्या दहा वर्षांचा होता. पुढे हाच मुलगा डी. व्ही. पलुस्कर म्हणून नावारूपास आला, आणि १९५५ साली ऐन तारुण्यात गेला.

इमारत गेली होती, गुरूही गेले. मग उरले काय? नऊ नऊ वर्षे एका छपराखाली काढलेले शिष्य उरले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढे ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ या नावाने प्रसिद्ध झाले. एकाच्या खांद्यावरचा भार आता अनेकांनी वाटून घेतला. विनायकरावांनी तर बालगंधर्वांच्या नाटक मंडळीतील नटाची भूमिका आणि मिळकत सोडली व ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय उघडले. त्यांनी लिहिलेले ‘राग विज्ञान’चे सात भाग विद्यार्थी आजही उघडतात. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांचे विद्यालय १९२५ पासूनच चालू होते. तेथे पुढे एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा शिकावयास आला. तोच कुमार गंधर्व. ओंकारनाथांनी १९५० साली काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत विभागाची धुरा घेतली.

लाहोर १९४७ साली पाकिस्तानात गेले. परंतु मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या परीक्षांना गावोगावची मुले-मुली बसतच राहिली. त्या परीक्षांचा कारभार अनेक वर्षे चालला तो मिरजेतून, ज्या गावी एका गवयाला समारंभाचे बोलावणे आले नव्हते.