राजीनामा तेवढा लिहू नकोस

काल फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही, बयो. तुला पाचवा लागला, उलट्या थांबल्या, बाळ हलायला लागलं, हे ऐकताना मी आपली नुसती हसत होते. आणि मग जाता जाता तू म्हणालीस, "सर फार चांगले आहेत गं ताई. म्हणाले, उगाच दगदग करू नकोस, राजीनामा देऊन टाक. बाळ मोठं झालं की ये परत, जागा तुझीच आहे." माझ्या पोटात गोळा आला.

हेच मी 2009 मध्ये ऐकलंय. माझे साहेब तर पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. कागदही त्यांनीच टाइप करून आणला होता, 'वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने'. मी पेढा खाल्ला आणि सही केली. वर्षाने मुलीला आईकडे ठेवून गेले, तर माझ्या टेबलावर दुसरीच बसलेली आणि साहेब मीटिंगमध्ये. संध्याकाळपर्यंत मीटिंगमध्येच. घरी मात्र मी 'मीच सोडली' असंच सांगितलं. तुलाही तेच माहीत आहे ना?

यातली मेख समजून घे. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला त्या रजेपायी कामावरून काढणं बेकायदा आहे. रजेच्या काळात तिचं नुकसान होईल अशा नोकरीच्या अटी बदलणंही बेकायदा. म्हणजे काढायचं म्हटलं तर मालकाचे हात बांधलेले. पण तू आपणहून गेलीस तर तुला कुणी काढलंच नाही! पुढच्या दारावर कायदा पहारा देत बसलाय आणि आपण मागच्या दाराने निघून जायचं, वर जाताना आभारही मानायचे. तुझे सर मनाचे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. असतील चांगले. पण 26 आठवड्यांचा पगार वाचतो, एवढं त्यांना कळत असणारच.

हो, 26. माझ्या वेळी 12 होते, 2017 मध्ये वाढले. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त 8 डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधी घेता येतात. त्या तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत तिथे निदान 80 दिवस काम झालेलं हवं. तुझं तर दीड वर्ष झालंय. मूळचा 1961 चा कायदा नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. त्यामुळे 'तो कायदा आता राहिलाच नाही' असं कुणी ऐकवलं तर गप्प बसू नकोस. आठवडे तेच आहेत.

"पण मी कॉन्ट्रॅक्टवर ना, मला कुठलं मिळायला!" हे तू अशा सुरात म्हणालीस, जसं काही तुझंच चुकलंय. अगं, दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर राबणाऱ्या बायकांनाही ही रजा मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलं. आणि 2023 मध्ये कंत्राटावरच्या एका डॉक्टरबाईंच्या प्रकरणात तर असं ठरलं, की मधेच कंत्राटाची मुदत संपली तरी बाळंतपणाचे पैसे पूर्ण काळाचे द्यायचे. तू उगाच अंग चोरून बसलीयेस.

आणि हे काही कुणी हल्ली सुरू केलेले लाड नव्हेत. मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात कायदा झालाही. आपली आजी तेव्हा परकरात असेल.

आता आज रात्री एक काम कर. पगाराची स्लिप काढ आणि ईएसआयची कपात दिसते का बघ. पगार 21 हजारांच्या आत असेल तर ती दिसायला हवी. तसं असेल तर बाळंतपणाचे पैसे राज्य विमा महामंडळ देतं, मालकाच्या खिशातून जातच नाहीत. मग सरांना राजीनाम्याची एवढी घाई कशाची, हे त्यांनाच विचारावंसं वाटेल मला. कपात नसेल तर ऑफिसने द्यायचे. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिला की आगाऊ मिळतात, उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यावर 48 तासांत.

पाळणाघराची आशा मात्र सोड. ते 50 माणसांपासून पुढे बंधनकारक आहे आणि तुमच्याकडे मोजून चाळीस जण. पण परत रुजू झाल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोनदा त्याला पाजायला वेळ मिळतो.

तोंडी काही बोलायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, समोर कुणी गोड बोललं की तू विरघळतेस. ईमेल लिही. अमुक तारखेपासून रजेवर जातेय, त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, पैसे माझ्या नावे किंवा अमक्याच्या नावे द्यावेत, एवढंच. सोबत डॉक्टरांचा दाखला जोड. प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेव, कारण ऑफिसचा मेल बंद करायला त्यांना एक मिनिट पुरतं. कागदावर दिलंस तर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नकोस. आणि कुणी तयार कागद पुढे केला तर "घरी वाचून सांगते" म्हण, पिशवीत टाक आणि नीघ.

नाहीच ऐकलं, तर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, नवऱ्याचा पगार कितीही असला तरी. मी येईन सोबत. एवढ्या वर्षांनी का होईना, एखाद्या साहेबांच्या मीटिंगबाहेर बसायची माझी तयारी आहे.

मेलचा मसुदा रात्री मला वाचून दाखव. आईला इतक्यात सांगू नकोस, ती सरांना समजवायला लाडवांचा डबा घेऊन जायची.