यंत्राची सोबत

मुलांनो, वार्धक्यात काहींना स्मृतिभ्रंशाचा विकार जडतो. पोटच्या लेकरांचीही ओळख पटेनाशी होते. जीव कावराबावरा होतो. असे वृद्ध जेथे राहतात, त्या काही शुश्रूषागृहांत ‘पारो’ नावाचा यंत्रप्राणी आढळतो. ताकानोरी शिबाता या जपानी शास्त्रज्ञाने तो निर्माण केला. २००५ पासून जपानात तो विकला जातो. रूप सील या जलचराच्या शुभ्र पिलाचे! त्याच्या केसाळ कातड्याखाली स्पर्श टिपणारी साधने आहेत. कुरवाळताच तो मान वळवितो, डोळे मिचकावितो, पिलासारखा आवाज काढतो. अबोल झालेले कित्येक वृद्ध त्याच्याशी बोलू लागतात. तथापि, त्या यंत्राला माया ठाऊक नाही. आजोबा आपले नाव विसरले, तरी त्यांचा हात प्रेमाने हाती घेणे, हे नातवंडांचेच काम होय.