वाचकांचे प्रश्न : चिपीच्या विमानाआधी सातबारा बघा

प्रश्न : मी मार्केट यार्डातल्या फळबाजारात एका अडत्याकडे दिवाणजी आहे. मूळ गाव वेंगुर्ले तालुक्यात, चिपी विमानतळाच्या सड्याखाली, किनाऱ्यालगत. सातबारा समाईक आहे, त्यावर १४ नावं आहेत. पुण्याहून सिंधुदुर्गला विमान सुरू झाल्यापासून एजंटांचे फोन थांबत नाहीत. एक पार्टी माझ्या हिश्श्याला चांगला भाव देते आहे. ‘गावी यायची गरज नाही, पुण्यातच कुलमुखत्यारपत्रावर सही करा, विसार रोख घ्या, बाकीचं आम्ही बघतो,’ असं त्यांचं म्हणणं. उशीर केला तर पर्यटन प्रकल्पासाठी सरकारच जमीन घेईल, असंही सांगतात. आत्ता विकावं की भाव वाढेपर्यंत थांबावं? कर किती बसेल? चुलत भाऊ गावीच राहतो, त्याची होडी आणि जाळी आमच्या याच जागेत असतात. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. आत्यांची नावं सातबारावर आहेत, पण त्यांनी हक्क सोडल्याचं वडील सांगायचे.
– एक वाचक, मार्केट यार्ड, पुणे

उत्तर : तुम्ही भावाचं आणि कराचं विचारलं आहे, पण तुमची झोप उडाली आहे ती चुलत भावाला न सांगितल्यामुळे. पत्र वाचताना ते लपत नाही. म्हणून तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न आधी मांडतो : माझ्या एका सहीने बाकीच्या १३ जणांचं काय होईल, आणि ती सही मला मागे घेता येईल का?

भावाचं थोडक्यात. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, तेव्हा मुंबईची सेवा ‘उडान’ योजनेच्या सवलतीवर होती. त्या सवलतीची तीन वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते विमान थांबलं. पुण्याची सेवा त्याच्या थोडं आधी, ऑगस्ट २०२४ अखेर सुरू झाली. सीमेपलीकडे मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि गोव्याला लागून असलेल्या रेडी-शिरोड्याच्या पट्ट्यात त्याचीच चर्चा जास्त. म्हणजे तुमच्या गावात जमिनीचा भाव प्रवाशांवर ठरत नाही, बातमीवर ठरतो. वेळापत्रक बदललं की एजंटही गायब होतात. शिरोडा-वेळागरची जमीन पर्यटनासाठी नव्वदच्या दशकात संपादित झाली, आणि तिथल्या हॉटेल प्रकल्पावरून भूधारकांचा वाद तीस वर्षांनंतरही मिटलेला नव्हता. तेव्हा ‘आता नाही तर कधीच नाही’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

सरकार जमीन घेईल ही भीती तर निव्वळ दबावासाठी घातलेली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात अधिसूचना निघते, हरकतींची सुनावणी होते आणि ठरलेल्या मोबदल्यावर आणखी १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. सरकारला घाबरून एजंटाला जमीन देणं हा शहाणपणा नाही.

आता मुख्य गोष्ट. विमानतळापेक्षा समाईक हिश्श्याच्या एका खरेदीखताने किनाऱ्यावरची घरं जास्त मोडलेली मी बघितली आहेत.

आपल्याकडे समाईक मिळकतीतला सहहिस्सेदार स्वतःचा अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय मोबदला घेऊन विकू शकतो. एजंटाला हे पक्कं माहीत असतं. म्हणून तो गावी राहणाऱ्याकडे जात नाही, मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्याला गाठतो. त्याला तुमचे चार-पाच गुंठे नको असतात, सातबारावर एक नाव हवं असतं. ते चढलं की तो सहहिस्सेदार झाला. मग वाटपाचा दावा लागतो. चुलत भाऊ वकिलाची फी भरत तारखांना जातो, आत्या थकतात, कुणीतरी कंटाळून पडत्या भावाने आपलाही हिस्सा देऊन टाकतो. अशी दोन-तीन नावं गळाली की एके दिवशी मोजणी येते, चिऱ्याचे खांब रोवले जातात, तार ओढली जाते, आणि वाडीतून समुद्रावर जाणारी पायवाट बंद होते. ज्या जागेवर रापणीची जाळी वाळत घालायची, झावळांच्या खोपीत होडी ठेवायची, ती सातबारावर नुसती ‘पोटखराब’ म्हणून लागलेली असते. मच्छीमाराच्या वहिवाटीची तिथे एक ओळही नसते. तुमचा भाऊ ज्यावर जगतो ते कागदावर कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

कायद्यात थोडा आडोसा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात असा परका खरेदीदार जबरदस्तीने ताबा मागू शकत नाही. १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली, त्याने वाटपाचा दावा लावला तर त्याचा हिस्सा विकत घ्यायची मागणी घरच्यांना करता येते. पण हे संरक्षण राहत्या घराला आहे. माडाच्या बागेला आणि किनाऱ्याच्या मोकळ्या जागेला ते मिळेल असं धरून चालू नका, आणि एजंटाची नजर तिथेच असते.

तुमच्या प्रकरणात याहून वाईट आहे ते कुलमुखत्यारपत्र. मसुदा हातात आला तर दोन वाक्यं शोधा. एक असतं, ‘मौजे अमुक येथील माझ्या सर्व मिळकती’. म्हणजे बोलणी एका गटाची आणि अधिकार घरासकट सगळ्याचा. दुसरं असतं, ‘संपूर्ण मोबदला पोहोचला असून हे कुलमुखत्यारपत्र रद्द न होणारे आहे’. करार कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे, मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत निर्माण झाला असेल तर त्याला बाध येईल असा अधिकार तुम्हाला काढून घेता येत नाही. विसाराची थोडी रक्कम देऊन हे वाक्य लिहून घेतात. उरलेले पैसे आले नाहीत म्हणून तुम्ही रद्दची नोटीस पाठवता, आणि तोवर तो तुमच्या नावाने तिसऱ्यालाच खरेदीखत करून देतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे. पण मुखत्याराने तुमच्या वतीने केलेलं नोंदणीकृत खरेदीखत ही वेगळी गोष्ट आहे, ते रद्द करून घ्यायला दिवाणी दावा आणि आयुष्याची कैक वर्षं लागतात. मार्केट यार्डात शब्दावर सौदा होतो, संध्याकाळी पट्टी मिळते, आणि बिनसलं तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी गाळ्यावर भेटतो. जमिनीत तो परत भेटत नाही.

आणि पुढचं सगळं तुमच्या पाठीमागे होतं. फेरफाराची नमुना ९ ची नोटीस गावच्या पत्त्यावर जाते. घर बंद, नाहीतर ती कुणीतरी घेऊन ठेवतो. हरकतीचे १५ दिवस निघून जातात आणि नोंद प्रमाणित होते. म्हणून ‘आपली चावडी’वर गावाचे चालू फेरफार पुण्यात बसून बघायची सवय लावून घ्या.

आत्यांचं : तोंडी हक्कसोड म्हणजे काहीच नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर त्यांचा हिस्सा उभा आहे. १९५६ पासून मुली वडिलांच्या वारस होत्याच. २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल यांनी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून धरला. त्यांना वगळून ठरवलेला तुमचा ‘हिस्सा’ चुकीचा निघेल, आणि जास्त दाखवून विकलात तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

कर. जमीन खरोखर शेतीची असेल आणि दहा हजार ते एक लाख लोकवस्तीच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून हवाई अंतराने २ किलोमीटरच्या बाहेर असेल, तर ती भांडवली मालमत्ता धरली जात नाही आणि नफ्यावर कर नाही. अन्यथा वडिलोपार्जित जमिनीच्या दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशन न घेता १२.५ टक्के किंवा घेऊन २० टक्के, यांतला कमी पडेल तो. ‘आधी एनए करून घ्या, भाव दुप्पट येईल’ हा सल्ला ऐकलात तर ही सूट गेलीच म्हणा. रोख विसार २०,००० रुपये किंवा जास्त घेतलात तर तेवढाच दंड तुम्हाला होऊ शकतो, देणाऱ्याला नाही.

स्वतः होमस्टे काढण्याचा विचार असेल तर आधी किनारा व्यवस्थापन आराखड्यावर गट क्रमांक बघा. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम साधारणपणे होत नाही. एजंट ‘सी टच’ म्हणतो ती जागा बहुतेक तीच असते.

तुम्हाला पैशांची खरंच गरज असेल तर विकण्यात गैर काही नाही. पण क्रम असा ठेवा. वारस नोंदी पूर्ण करा, मग महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे सर्वांच्या संमतीने वाटप आणि मोजणी. जमीन कुळकायद्यात मिळालेली असेल तर कलम ४३ चा शेरा बघा, नजराणा भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाटपाच्या वेळीच होडीची जागा आणि समुद्राकडची वाट नकाशावर दाखवून सामाईक ठेवा. त्यानंतर आपला तुकडा आधी भावाला विचारा. वारसांनी हिस्सा विकताना इतर वारसांना अग्रहक्क देणारं वारसा कायद्याचं कलम २२ शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. चुलत भावाला ते तंतोतंत लागू होईलच असं नाही, तरी विचारण्याने तुमचं काही जात नाही. तो नको म्हणाला, तर स्वतः गावी जाऊन, स्वतःच्या सहीने, पूर्ण रक्कम बँकेत जमा झाल्यावर खरेदीखत करा.

विसार घेतला असेल तर लगेच कळवा. घेतला नसेल तर भावाला आजच फोन करा, आणि एजंटाने दिलेला मसुदा सही न करता वकिलाकडे घेऊन जा.