आडवी बाटली: मोर्च्यापेक्षा मतदारयादी महत्त्वाची

प्रश्न: गावातले देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून आम्ही बायका मोर्चे काढून थकलो. मतदान मागितले तर उपयोग होईल का? आणि चोरटी दारू वाढली तर?

उत्तर: ताई, उपयोग होईल, पण मोर्च्यातली गर्दी आणि मतपेटीतला कौल यांचे गणित वेगळे असते. राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशानुसार गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूच्या चिन्हाला, मात्र झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. यादीत 800 नावे असतील तर 401 मते हवीत. 500 जणी आल्या आणि 390 जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहते. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या पारड्यात पडते. मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावेही तेच करतात, म्हणून आधी यादी दुरुस्त करून घ्या.

चोरट्या दारूची शंका रास्त आहे. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली लागू झालेली दारूबंदी 2021 मध्ये उठली, तेव्हा सरकारने अवैध विक्रीचेच कारण दिले. पण त्यावरून दुकान राहू द्यावे असे ठरत नाही. बंदीनंतरही पहारा लागतो, एवढेच ठरते. दारूबंदी कायद्यात गावकऱ्यांच्या ग्रामरक्षक दलाची तरतूद त्यासाठीच आहे. तेव्हा अर्जाआधी मतदारयादी घेऊन घरोघरी जा.