निराधारांना हवा हक्काचा निवारा

रस्त्याकडेला भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रीला कोणी अन्न दिले, तरी तिचा प्रश्न सुटत नाही. रात्रीची सुरक्षितता, औषधोपचार व आपुलकी यांचीही तिला तितकीच गरज असते. अहिल्यानगर जिल्ह्यातील शिंगवे नाईक येथील माउली सेवा प्रतिष्ठानचे कार्य याच जाणिवेतून विस्तारले. डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने रस्त्यावरील निराधारांना जेवण पोहोचविण्यापासून आरंभ केला. पुढे अशा स्त्रिया व त्यांच्या मुलांसाठी कायमचे घर उभे राहिले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा असहाय व्यक्तीस संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सार्वजनिक रुग्णालयात नेणे आणि तिच्या कुटुंबाचा शोध घेणे, हे पोलिसांचे कर्तव्य आहे. मात्र त्यांना वेळीच कळविण्याची जबाबदारी त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक नागरिकाची आहे.